मंदीत हमखास टिकणारं करिअर कोणतं? (वय ३४, लिफ्ट क्षेत्र)

सातवा_मजला

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसता वाचनमात्र आहे, लिहितोय पहिल्यांदाच.

लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीत नव्या इमारतींच्या विभागात आहे. आर्किटेक्टकडून नकाशे येतात. त्यावरून लिफ्ट किती लागतील, किती वेगाच्या, सकाळच्या गर्दीत माणसाला किती वेळ ताटकळावं लागेल, हे गणित करायचं, शाफ्टचं (लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून फिरते तिचं) ड्रॉइंग काढायचं आणि कोटेशन बनवायचं. काम मनापासून आवडतं. पण सध्या बिल्डर कोटेशन घेऊन जातात आणि गप्प बसतात. आमच्या खोलीतल्या दोन खुर्च्या रिकाम्या झाल्या, त्या भरल्या गेल्या नाहीत. साहेब म्हणतात काळजीचं कारण नाही. हे ते हल्ली दर आठवड्याला म्हणतात, म्हणून काळजी.

नेटवर 'मंदीतही सुरक्षित नोकऱ्या' अशा याद्या वाचल्या. डॉक्टर, नर्स, शिक्षक, हिशेबनीस, सरकारी नोकर, अंत्यसंस्कार करणारे. सगळ्या याद्या एकमेकींवरून उतरवल्यासारख्या. माझ्या डोक्यात तीन पर्याय आहेत: रात्रीचा डेटा ॲनालिटिक्सचा कोर्स, सरकारी खात्याची परीक्षा, किंवा सरळ हॉस्पिटलशी संबंधित काहीतरी शिकणं. बायको म्हणते घाबरून उडी मारू नकोस (ती आर्किटेक्टच्या ऑफिसात आहे, आणि घराचा हप्ता दोघांच्या पगारातून जातो).

तर जाणकारांनी सांगावं, मंदीत खरोखर टिकतं काय?

ठाम_मत

सरकारी नोकरी. विषय संपला.

लाल_शाई

सातवा_मजला, वयाने बरीच मोठी आहे, त्यामुळे अरे-तुरे करते, चालवून घे.

माझं आयुष्य कंपन्यांच्या हिशेबात गेलं, आणि त्यातली बरीच वर्षं अडचणीत आलेल्या कंपन्यांमध्ये. खर्च कुठे कापायचा याची यादी ज्या खोलीत बसून करतात, तिथे मी बसलेली आहे. त्या खोलीत 'इंजिनिअर', 'नर्स', 'शिक्षक' हे शब्द कोणी काढत नाही. खर्चाच्या एकेका ओळीवर बोट ठेवून विचारतात: हे वर्षभर लांबवलं तर काय बिघडेल? 'फारसं काही नाही' असं उत्तर आलं की ती ओळ गेली. तिच्यावर कोणाचा पगार अवलंबून आहे हा प्रश्न नंतर येतो.

तेव्हा पेशाच्या नावात सुरक्षितता शोधू नकोस. तुझा पगार शेवटी कोणाच्या खिशातून निघतो आणि त्या माणसाला तो खर्च पुढे ढकलता येतो का, एवढं बघ.

कात्री कशी चालते तेही सांगते, कारण क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. आधी नवी भरती थांबते (तुमच्या त्या दोन खुर्च्या). मग प्रवास, प्रशिक्षण, जाहिरात, बाहेरचे सल्लागार. मग कंत्राटी माणसं, कारण त्यांना जा म्हणायला फारसा खर्च येत नाही. मग कागदावरचे प्रकल्प, मग अर्धवट झालेले. पगारपत्रक करणारा, कर भरणारा, सुरक्षा तपासणीची प्रमाणपत्रं सांभाळणारा, उधारी वसूल करणारा, यांच्यापर्यंत कात्री पोचते तेव्हा कंपनीलाच कुलूप लागायची वेळ आलेली असते. वसुलीवाल्याला तर मंदीत भाव येतो. एरवी त्याच्याशी कोणी धड बोलत नाही.

आता तुझ्या धंद्याचं गणित. समजा एका शहरात १,००० लिफ्ट आहेत. प्रत्येक २५ वर्षं चालते, म्हणजे दरवर्षी ४० जुन्या बदलायच्या. शहर वाढतंय म्हणून आणखी २० नव्या. कारखान्याला ६० ची ऑर्डर. आता शहराची वाढ फक्त थांबली असं धर. एकही माणूस शहर सोडून गेलेला नाही, एकही इमारत रिकामी नाही. तरी ऑर्डर ६० वरून ४० वर आली, तिसरा हिस्सा गेला. त्यात इमारतवाल्यांनी ठरवलं की जुनी लिफ्ट अजून दोन वर्षं ओढू, की मग ४० मधल्या १० सुद्धा उरणार नाहीत. या सगळ्या काळात हजारच्या हजार लिफ्ट रोज वर-खाली करताहेत, त्यांचे दरवाजे अडकताहेत, दोर झिजताहेत. अर्थशास्त्रात याला ॲक्सिलरेटर म्हणतात. जॉन मॉरिस क्लार्क या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९१७ मध्येच हे मांडून ठेवलंय: वस्तूच्या वापरात किंचित चढउतार झाला तरी ती वस्तू नव्याने बनवणाऱ्याच्या धंद्यात मोठा हेलकावा बसतो.

म्हणजे तुझं क्षेत्र वाईट नाही. तू त्यातल्या सगळ्यात हलणाऱ्या टोकावर बसला आहेस. लिफ्टच्या मोठ्या जागतिक कंपन्यांचे ताळेबंद उघडून बघ, त्या सगळ्यांसाठी उघड असतात. नव्या लिफ्टवर नफा बेताचा असतो, बरीचशी कमाई देखभालीच्या करारांतून येते.

२००८ चं उदाहरण घे. अमेरिकेतली ती मंदी डिसेंबर २००७ ते जून २००९ धरतात. बांधकामातल्या सुमारे १५ लाख नोकऱ्या गेल्या आणि त्याच काळात आरोग्यसेवेतल्या वाढत राहिल्या. अमेरिकी शेअर बाजाराच्या डाऊ जोन्स निर्देशांकातल्या ३० कंपन्यांपैकी २००८ मध्ये फक्त दोघींचे शेअर वर गेले, वॉलमार्ट आणि मॅकडोनाल्ड्स. लोक खरेदी बंद करत नाहीत, स्वस्तात करतात. गाडी बदलायची लांबली की गॅरेजवाल्याला काम मिळतं, तसंच.

आणि तुझ्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तू कंसात टाकली आहेस. बायको आर्किटेक्टच्या ऑफिसात. पगार दोन, पण उगम एकच: बिल्डर. वर घराचा हप्ता. बांधकाम बसलं की दोन्ही पगार एकदम डळमळणार आणि नेमकी तेव्हाच घराची किंमतही उतरलेली असणार, म्हणजे विकून सुटायची वाटही अवघड. तुम्ही दोघांनी सुरक्षित व्हायची गरज नाही. दोघांपैकी एकाचा पगार बिल्डरपासून सुटला तरी निम्मी काळजी मिटेल. तो तुझाच असला पाहिजे असंही काही नाही.

रात्रपाळी

यादीतली नर्स मी. त्यामुळे चार शब्द.

लाल_शाई यांनी २००८ चं सांगितलं ते खरं, पण २०२० आठवा. हॉस्पिटलं भरून वाहत होती असं सगळ्यांच्या डोळ्यासमोर आहे. मी तेव्हा सांधेरोपणाच्या वॉर्डात होते. गुडघ्याचं ऑपरेशन सहा महिने थांबू शकतं, म्हणून आमचा वॉर्ड रातोरात रिकामा झाला. आम्हाला दुसरीकडे हलवलं म्हणून नोकरी राहिली. खासगी छोट्या दवाखान्यांतल्या मैत्रिणींना घरी बसवलं. अमेरिकेत एप्रिल २०२० या एकाच महिन्यात आरोग्यसेवेतल्या सुमारे १४ लाख नोकऱ्या गेल्या आणि त्यातल्या ५ लाख दातांच्या दवाखान्यांतल्या होत्या. जगभर साथ चालू असताना! दात दुखला तरी लोक घरी बसले. पुढे बऱ्याच नोकऱ्या परत आल्या, पण हप्ता भरायला 'पुढे' उपयोगी पडत नाही.

म्हणजे आमच्यातही तोच प्रश्न लागू पडतो. डायलिसिस लांबवता येत नाही, प्रसूती लांबवता येत नाही, अतिदक्षता विभाग बंद ठेवता येत नाही. चष्मा, दाताची कवळी, गुडघा, सौंदर्यशस्त्रक्रिया, सगळं लांबतं.

आणखी एक. मंदीत आमची नोकरी जात नाही, पण सोडून गेलेल्याच्या जागी माणूस येत नाही. मग सहा पेशंटच्या जागी नऊ. मंदीच्या भीतीने नर्सिंगला येऊ नका. पहिल्या रात्रपाळीतच ती भीती बरी वाटायला लागेल.

ठाम_मत

हे सगळं ठीक. पण सरकारी नोकराला कोण हात लावतो ते सांगा.

लाल_शाई

ठाम_मत, हात लागतो, पण उशिरा. सरकारचा पैसा करातून येतो आणि कराची घट तिजोरीपर्यंत पोचायला वेळ लागतो. अमेरिकेत मंदी जून २००९ मध्ये संपली, पण राज्य आणि स्थानिक सरकारांतल्या नोकऱ्या त्यानंतरही काही वर्षं घटत राहिल्या, त्यात शिक्षकही आले. ग्रीसमध्ये २०१० नंतर सरकारी पगार आणि पेन्शन दोन्ही कापलं गेलं. २०१३ मध्ये तिथली बेकारी २७ टक्क्यांवर होती, त्यामुळे 'सोडून दुसरी बघतो' म्हणायची सोयही नव्हती.

तरी तुमचं म्हणणं बरंचसं खरं आहे. जो आत आहे त्याला सरकारी नोकरीइतकी ऊब दुसरीकडे क्वचित मिळते. अडचण दाराबाहेरच्या माणसाची आहे. पैसा कमी पडला की सरकारं पहिली गोष्ट भरती थांबवतात, आणि नेमका तेव्हाच उमेदवारांचा लोंढा येतो. सातवा_मजला आज अभ्यासाला बसला तर परीक्षा होईपर्यंत मंदी येऊन गेलेली असेल किंवा जागाच निघालेल्या नसतील. मंदीसाठी ही तयारी पाच वर्षं आधी करायची असते.

डेटाच्या कोर्सबद्दलही तेच. विश्लेषण हा विभाग कंपन्या चांगल्या दिवसांत उभा करतात. तुझ्या डोक्यात लिफ्टचं ज्ञान आहे, त्याच्या जोडीला डेटा शीक, जरूर शीक. लिफ्ट टाकून नुसता डेटा घेऊन गेलास तर तिथे तू सगळ्यात नवखा, आणि नवख्याची ओळ यादीत वर असते.

कुठे राहता यावरही खूप अवलंबून आहे. २००९ मध्ये जर्मनीचं उत्पादन पाच टक्क्यांहून अधिक घसरलं, पण बेकारी फारशी वाढली नाही. तिथे कंपन्या माणसं काढण्याऐवजी तास कमी करतात आणि बुडालेल्या पगाराचा काही भाग सरकारी बेकारी विमा भरून देतो. त्या वर्षी ऐन भरात १४ लाखांवर लोक या योजनेत होते. असा कायदा नसलेल्या देशात तोच इंजिनिअर तेवढाच हुशार असून घरी बसला असता.

माझ्या स्वतःच्या कामाबद्दल कोणी विचारण्याआधीच सांगते. 'दिवाळखोरीच्या हिशेबनिसाला मंदीत सुगी' असं म्हणतात. २००९-१० मध्ये ते खरं होतं. २०२० मध्ये सरकारांनी इतकी मदत ओतली आणि कर्जवसुलीला अशी स्थगिती दिली, की बऱ्याच देशांत दिवाळखोरीचे अर्ज उलट कमी झाले. इतक्या कंपन्या आजारी, आणि आम्ही हातावर हात ठेवून बसलेले. तेव्हा 'हमखास' हा शब्द जपून वापरावा.

नुकताच_पास

मी यंदा पदवी घेतोय. मिळेल ती नोकरी घेऊ की चांगली मिळेपर्यंत थांबू?

लाल_शाई

घे. मंदीत पास झालेल्यांचा पगार बरीच वर्षं मागे राहतो, हे अर्थतज्ज्ञ लिसा कान यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं. कॅनडाच्या पदवीधरांवरचा एक अभ्यास (ओरिओपोलोस आणि सहकारी, २०१२) थोडा दिलासा देतो: फरक साधारण दहा वर्षांत भरून निघतो, आणि तो भरून काढतात मुख्यतः ते, जे दिवस पालटल्यावर चांगल्या कंपनीत उडी मारतात. तेव्हा पहिल्या नोकरीवर निष्ठा वगैरे ठेवू नकोस.

शाफ्टमधला

लिफ्ट मेकॅनिक. सर्व्हिसमध्येच केस पांढरे केले. ताईंचा हिशेब बरोबर आहे, पण सर्व्हिस म्हणजे स्वर्ग असं सातवा_मजला साहेबांनी समजू नये.

मंदी आली की गिऱ्हाईक देखभालीचा करार तोडत नाही, उतरवतं. सुट्या भागांसकट सगळं धरून असलेला करार सोडून नुसतं तेल-पाणी आणि तपासणीवाला घेतं. कोणी मोठ्या कंपनीला सोडून गल्लीतल्या लहान एजन्सीकडे जातं. मग ऑफिस काय करतं? एकेकाकडच्या लिफ्ट वाढवतं. मागच्या वेळी माझ्याकडच्या दीडपट झाल्या. पगार तेवढाच. काढलं मात्र कोणाला नाही, कारण माणूस लिफ्टमध्ये अडकला की फोन आमच्याकडे येतो, आणि त्याला 'पुढच्या तिमाहीत बघू' म्हणता येत नाही. बऱ्याच देशांत ठराविक मुदतीत तपासणीही कायद्याने बंधनकारक आहे. सही नसेल तर लिफ्ट बंद.

आमच्यात कोणाला सगळ्यात जास्त मागणी आहे सांगू? जुन्या रिले कंट्रोलरचा (विजेच्या स्विचांवर चालणाऱ्या जुन्या नियंत्रण पेटीचा) नकाशा वाचता येतो आणि नव्या ड्राइव्हला, म्हणजे मोटर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला, लॅपटॉपही लावता येतो, अशा माणसाला. जुनी मंडळी रिटायर होताहेत, नवीन पोरांनी रिले पाहिलेला नाही. निम्मी पोरं दरवाजाचा बिघाड सोडून दुसरं काही बघायला तयार नसतात. तसे बिघाड दरवाजाचेच जास्त असतात, ते सोडा.

साहेबांसाठी खरी जागा मला वेगळीच दिसते. मॉडर्नायझेशन. इमारतवाल्याकडे पूर्ण नवी लिफ्ट घ्यायला पैसे नाहीत, पण जुनी रोज बंद पडते. मग गाइड रेल (केबिन ज्यांवरून सरकते ते रूळ), काउंटरवेट (केबिनचा तोल सांभाळणारं वजन), जमलं तर केबिन तशीच ठेवायची, आणि कंट्रोलर, मोटर, दरवाजाची यंत्रणा नवी बसवायची. पूर्ण नव्या लिफ्टपेक्षा बरंच कमी पैशात भागतं. हे काम मंदीत थोडं लांबतं, पण बिघाड वाढले की येतंच. त्याची कोटेशनं नीट बनवणारे लोक मिळत नाहीत. नव्या इमारतीत शाफ्ट नकाशाप्रमाणे निघतो तरी. जुन्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर भिंत वेगळ्या दिशेला गेलेली असते. नव्या विभागातून आलेले इंजिनिअर जुना नकाशा समोर ठेवून ड्रॉइंग काढतात, आणि मग सामान आलं की दरवाजाची चौकट बसत नाही. आम्ही तिथे ग्राइंडर घेऊन उभे.

सातवा_मजला

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढ्या उत्तरांची अपेक्षा नव्हती.

लाल_शाईताई, तो कंस वाचून आम्ही दोघं बराच वेळ गप्प होतो. मग बायकोनेच सांगितलं की त्यांच्या ऑफिसात जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं आणि मजबुतीकरणाचं काम येतं, पण ते कोणालाच नको असतं, कारण त्यात दाखवण्यासारखं काही उभं राहत नाही. ती ते मागून घेणार आहे. आमच्याकडेही मॉडर्नायझेशन विभाग आहे. आम्ही नव्या इमारतींवाले त्याला भंगार खातं म्हणतो (शाफ्टमधला, माफ करा). तिथे एक जागा आहे असं कळलंय.

दोन शंका. बदली आत्ताच मागू की वारं कुठे वाहतंय ते बघून? आत्ता मागितली तर 'हा घाबरला' असं साहेबांना वाटेल. आणि तिथे पद एक पायरी खालचं मिळेल असं दिसतंय, पगार तोच. घ्यावं का?

लाल_शाई

आत्ताच माग. यादी बनायला लागली की अंतर्गत बदल्याही गोठवतात, आणि तेव्हा 'घाबरला' हे खरंच दिसतं. कारण सांगताना मंदीचं नाव काढू नकोस. गर्दीच्या वेळेचं गणित जुन्या इमारतींना लावायचंय असं सांग. ते खोटंही नाही. राहायच्या इमारतीचं ऑफिस झालं की तिची जुनी लिफ्ट कमी पडायला लागते, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत.

पदनामाचं फार मनावर घेऊ नकोस. त्यापेक्षा दोन गोष्टी विचार आणि जमल्यास लेखी घे. पहिली, तुझा पगार कोणत्या कॉस्ट सेंटरवर, म्हणजे कोणत्या विभागाच्या खर्चखात्यावर, पडणार. अनेकदा माणूस नव्या विभागात बसतो आणि पगार जुन्याच विभागाच्या खात्यावर पडत राहतो. मग जुना विभाग कापताना हाही कापला जातो, आणि कापणाऱ्याला तो कुठे बसतो हे माहीतही नसतं. मी अशा ओळी पाहिल्या आहेत. दुसरी, तुझी सेवाज्येष्ठता कंपनीत लागल्यापासून मोजणार की या विभागात आल्यापासून. 'शेवटी आला तो आधी गेला' हा नियम बऱ्याच ठिकाणी पाळतात, आणि मोजणी नव्याने सुरू झाली तर बदली घेऊन तू उलट शेवटचा ठरशील.

त्या विभागाची कमाई चालू करारांच्या गिऱ्हाइकांकडून किती येते आणि एकेकट्या कामांतून किती, हेही जमलं तर काढ. हा आकडा सहज कोणी देणार नाही. हिशेब विभागात ओळख असेल तर तिथे विचार.

आणि काही महिन्यांच्या हप्त्याइतके पैसे बाजूला काढून ठेवा. घरखर्चाच्या नव्हे, हप्त्याच्या. घरखर्च आवरता येतो, हप्ता आवरत नाही.

ठाम_मत

मी तरी परीक्षेचा फॉर्म भरून ठेवला असता.

शाफ्टमधला

भंगार खातं म्हणा हो, आम्ही तुमच्या विभागाला काय म्हणतो ते इथे लिहिता येणार नाही.

अर्ज देण्याआधी तुमच्याच सर्व्हिसच्या पोरांबरोबर एक दिवस फिरून या. तीस वर्षांची एखादी लिफ्ट निवडायला सांगा. परवानगी काढा, केबिनच्या माथ्यावर उभे राहा आणि टेप घेऊन प्रत्येक मजल्याला भिंत मोजा. वही न्या, मोबाइल वर नेऊ नका, हातातून सुटला की थेट खड्ड्यात. सेफ्टी बूट घरून आणा. स्टोअरमध्ये मिळतात ते कायम एक नंबर लहान असतात.